तराफ्यावरचं तराफ्यावर

सहलीला जाणारी माणसं मला मुळातच आवडत नाहीत, आणि त्यात मी स्वतः असलो तर अजिबातच नाही. पण बायकोने एकदा मनावर घेतलं की माझं काही चालत नाही. तिच्या एका मैत्रिणीने नदीकाठच्या कुठल्याशा खेड्यातल्या कॉटेजचं वर्णन करून तिचे कान भरले होते. तिथे म्हणे टीव्ही नाही, फोनला रेंज नाही, नुसती झाडं आणि पाणी. मला ही तक्रारींची यादी वाटली; तिला त्या सोयी वाटल्या. तेव्हा माझ्या चष्म्यांच्या दुकानाला कुलूप घालून मी निमूटपणे बसमध्ये बसलो आणि वाटभर एक शब्द बोललो नाही, म्हणजे निदान राग तरी दिसावा. तिला तो दिसला नाही, कारण ती झोपली होती.

बसने आम्हाला नदीच्या अलीकडे सोडलं. तिथे पत्र्याची एक शेड, साबण-बिस्किटांचं एक दुकान आणि एक लांबट खोली, जिच्या खिडकीतून गरम इस्त्रीचा वास येत होता. कॉटेजं, कँटीन, पोहायच्या पायऱ्या, सगळं पलीकडे. पूल नाही. मध्ये एक तराफा. खाली रिकामी पिंपं, वर फळ्या, भोवती कठडा, बसायला दोन बाक, आणि या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला मनगटाएवढा जाड दोर. तो दोर हाताने ओढत एक उंच, वाकलेला माणूस तराफा नेत होता. त्याच्या चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली होती. मला राहवेना, पण मी सुट्टीवर होतो.

तराफा काठापासून सुटला तेव्हा लक्षात आलं, की निळी पिशवी बसमध्येच राहिली. निळ्या पिशवीत माझ्या चपला होत्या आणि बायकोच्या गुडघ्याचं तेल होतं. बस तर धूळ उडवत गेलेली.

"पिशवी तुमच्या पायाशी होती," ती म्हणाली.

"पायाशी होती म्हणजे माझी होती असं नाही."

"लग्न झाल्यापासून तुम्ही एक पिशवी उचललेली मला आठवत नाही. एक!"

मग मी तिच्या भावाचा विषय काढला. तो काढायला नको होता, पण भांडणात हाताशी येईल ते माणूस घेतो. तिने माझ्या आईपासून सुरुवात करून दुकानातल्या मांजरापर्यंत सगळ्यांना घेतलं. तराफ्यावर आणखी पाचसहा माणसं होती. एरवी लोक असं ऐकलं की नदीकडे बघायला लागतात. इथे कोणी नदीकडे बघेना. सगळे आमच्याकडे तोंड करून आरामात बसलेले. एका बाईंनी तर मला हातवारे करायला जागा मिळावी म्हणून आपली टोपली सरकवली.

काठ जवळ आला तसे लोक उठायला लागले, आणि त्या वाकलेल्या माणसाने असा आवाज काढला, की पलीकडची बगळ्यांची रांग उडाली. "थांबा!"

सगळे जागच्या जागी थांबले. त्याने दोर खुंट्याला गुंडाळला, तराफा पायाने दाबून पाहिला आणि मग म्हणाला, "हं, या आता." मी उतरताना तो माझ्याकडे बघून प्रसन्नपणे हसला. "झालं बरं का. इथलं इथेच राहिलं. फार छान भांडता तुम्ही दोघं."

त्याचा अर्थ कँटीनवाल्याने सांगितला. गोल, गोरा, सतत खांद्यावर फडकं असलेला हा माणूस टोस्टवर लोणी लावता लावता कुठलीही गोष्ट सांगू शकायचा. तराफ्यावर बोललेलं जमिनीवर धरायचं नाही, असा त्या वस्तीचा नियम होता. तराफेवाल्याच्या वडिलांच्या वेळी दोन भाऊ तराफ्यावर हातघाईवर आले, आणि म्हाताऱ्याने काठाला लागताच जाहीर केलं, की पाण्यावरचा विषय जमिनीवर काढणाऱ्याला पुन्हा तराफ्यावर घेणार नाही. पूल तर नव्हताच. भाऊ मुकाट्याने घरी गेले. तेव्हापासून लोकांना या नियमाची अशी गोडी लागली, की भांडायचं झालं तर माणसं काम नसताना तराफ्यावर जाऊन बसू लागली. तिथे शिव्या द्याव्यात, गुपितं सांगावीत, शपथा घ्याव्यात आणि काठाला लागलं की कपडे झटकून उतरावं.

"मी आणि माझा मेहुणा," कँटीनवाला अभिमानाने म्हणाला, "जमिनीवर आयुष्यात भांडलेलो नाही. दर रविवारी तराफ्यावर जातो. परवा मी त्याला नालायक म्हणालो. उतरल्यावर त्यानेच मला चहा पाजला."

मी म्हणालो, हा शुद्ध वेडेपणा आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टोस्ट संपवून बायको उठली आणि म्हणाली, "चला, जरा तराफ्यावर जाऊन येऊ." तिच्या चेहऱ्यावर दातांच्या डॉक्टरकडे निघालेल्या माणसाच्या नव्हे, तर डॉक्टरच्याच चेहऱ्यावर असतो तसा भाव होता.

त्या फेरीत मला कळलं, की मी आंघोळीला गातो ते गाणं तिला पहिल्यापासून सहन होत नाही. मीही सांगितलं, की तिने विणलेला हिरवा स्वेटर मी दुकानात नेऊन मांजराला अंथरला आहे. ती म्हणाली, तिला माहीत आहे, मांजराच्या अंगाला हिरवी लोकर लागलेली असते. पलीकडे उतरलो, परत बसलो, पुन्हा सुरू. जेवायच्या वेळेपर्यंत आमचा सगळा जुना माल संपला. जमिनीवर पाय ठेवला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून शाळकरी पोरांसारखे खिदळायला लागलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. माझा राग कुठे गेला ते मी शोधूनही पाहिलं.

तराफेवाल्याला सगळे मधले म्हणायचे. मला वाटलं, तीन भावांतले मधले असतील. ते एकुलते एक निघाले. सदा नदीच्या मधोमध असतात म्हणून मधले. मी त्यांचा चष्मा दुरुस्त करून दिला, सुतळी काढून नवा स्क्रू घातला, आणि त्या बदल्यात त्यांनी मला आपलं आयुष्य सांगितलं. आता हे सगळं त्यांनी तराफ्यावर सांगितलेलं आहे, तेव्हा किती धरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

ते तराफ्यावरच जन्मले. आईला पलीकडच्या नर्सबाईंकडे नेत होते, पण यांना धीर निघाला नाही. वडील दोर ओढत होते. दोर सोडला तर प्रवाह तराफा फिरवणार, म्हणून त्यांना मान वळवून बघताही आलं नाही. ते नदीकडे तोंड करून ओरडत राहिले, "मुलगा की मुलगी? मुलगा की मुलगी?" आणि काठावरचे लोकही ओरडत राहिले, "काय झालं? काय झालं?"

"आता नियमाने बघा," मधले म्हणाले, "तराफ्यावर झालं ते धरायचं नाही. म्हणजे मी जन्मलोच नाही!" आणि ते असे हसले, की अख्खा तराफा हलला आणि कोणाची तरी बादली पाण्यात पडली.

शाळा अलीकडे होती. सकाळी ते बाकीच्या पोरांना घेऊन निघायचे, आणि पोरं उतरली की एखादी म्हातारी पलीकडे जायला उभी असायचीच. तिला सोडून येईपर्यंत शाळा सुटलेली. त्यामुळे ते शाळेची पायरी जेवढ्या वेळा चढले, त्याहून जास्त वेळा त्यांनी पोरांना शाळेला पोहोचवलं. पुढे वडील गेले आणि दोर कायमचा हातात आला. तराफ्यावर त्यांच्यासारखा बोलका माणूस मी पाहिला नाही. नव्या माणसाला ते दोन्ही काठांच्या मध्ये अशी काही माहिती देत, की उतरल्यावर त्याला वाटावं आपण इथेच वाढलो.

पण जमिनीवर? जमिनीवर त्यांची दातखीळ बसायची. दुकानात साबण हवा असला तर बोट दाखवायचे. जन्मभर डुलत्या फळ्यांवर उभं राहून त्यांच्या पायांना तीच सवय झालेली. स्थिर जमिनीवर त्यांना गरगरायचं. भिंतीला, झाडाला, कँटीनच्या खांबाला धरून चालायचे. "जमीन हलतच नाही हो," ते मला म्हणाले, "अशा ठिकाणी माणसाला सुचतं तरी कसं?"

हा झाला मधल्यांचा स्वभाव. आता त्यांची अडचण.

पलीकडच्या सगळ्या कॉटेजच्या चादरी एकच बाई धुवायची. तिला चादरीबाई म्हणत. कॉटेजमागच्या अंगणात दोऱ्याच दोऱ्या, त्यांवर पांढऱ्या चादरी, आणि त्यांच्या मधून ही हिंडायची, कमरेला ॲप्रन, ॲप्रनच्या काठाला लाकडी चिमट्यांची झालर. दंड मजबूत, हसणं मोठं. इस्त्रीची खोली अलीकडे होती, कारण विजेची लाइन तिथवरच आलेली. म्हणून रोज सकाळी ती वाळलेल्या चादरींची गाठोडी घेऊन अलीकडे जायची आणि दुपारी घड्यांचा गठ्ठा घेऊन पलीकडे यायची. नवरा लवकर गेला होता, मुलगी शहरात सुखाने संसार करत होती. तराफ्यावर ती आणि मधले इतके बोलायचे, की बाकीच्यांना भांडायला जागा मिळत नसे. आणि काठ लागला की ही गाठोडं डोक्यावर घेऊन चालू पडायची आणि मधले दोराकडे बघत बसायचे.

माझ्या बायकोला अशा गोष्टींचा वास लगेच येतो. मला वास आला नव्हता; मला मधल्यांनी सरळ सांगितलं.

"मागे एकदा मी तिला विचारलं होतं," ते दोर ओढता ओढता म्हणाले. "लग्न कराल का म्हणून."

"मग?"

"हो म्हणाली."

"अहो, मग झालं की!"

"कुठे झालं? तराफ्यावर विचारलं, तराफ्यावरच हो म्हणाली. उतरल्यावर ती काही बोलली नाही. म्हणजे गंमत केली असणार. चांगली बाई आहे, माझं मन राखलं."

मी तडक अंगणात बायकोला शोधायला गेलो. ती चादरींमधून बाहेर आली तीच हातवारे करत. "तुम्हाला माहीत आहे का, त्या मधल्यांनी तिला विचारलं होतं! आणि ही हो म्हणाली होती, अगदी मनापासून. पण उतरल्यावर ते काही बोललेच नाहीत. तिला वाटलं, वेळ घालवायला विचारलं असेल."

मी कपाळावर हात मारला. जगात बाकी कुठेही या दोघांचं लग्न होऊन जुनं झालं असतं. एकाने विचारलं, दुसरीने हो म्हटलं, यापेक्षा जास्त माझ्या लग्नातही काही घडलं नव्हतं. पण ही दोघं पडली या वस्तीची. नियमाने वागणारी. काठाला लागताच दोघांनीही आपापला शब्द सभ्यपणे पाण्यात सोडून दिला होता, आणि मग रोज दोनदा त्याच पाण्यावरून एकमेकांशी गप्पा मारत जात-येत होती.

"मग ती आता का नाही बोलत?" मी विचारलं.

"मी विचारलं तसं. ती म्हणते, मी एकदा हो म्हणून बसले आहे. आता पाळी त्यांची. जमिनीवर उभं राहून एकदा विचारू देत, बस." बायकोचा चेहरा उतरला. "पण वेळ नाही हो. हंगाम संपतोय. तिच्या लेकीने तिला कायमचं बोलावलंय. ट्रंक भरून झाली. आपल्याच बसने जाणार आहे."

हे तिने कोरड्या जमिनीवर सांगितलं होतं, म्हणजे पक्कं. आणि आमची बस त्या आठवड्याच्या अखेरीला होती.

माझ्यासारखा माणूस दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही. मी पडलो, नुसता पडलो नाही, पुढाकार घेतला. मधल्यांना मी कँटीनसमोरच्या बाकावर आणून बसवलं. कँटीनवाला, मी आणि माझी बायको समोर. बायको म्हणाली, "समजा, मी चादरीबाई. विचारा." मधल्यांनी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. ओठ हलले. घाम आला. बऱ्याच वेळाने घशातून एक शब्द निघाला: "साबण."

"साबण?"

जमिनीवर त्यांना तेवढाच शब्द सवयीचा असावा, आणि तोही बोटाने.

मी म्हटलं, लिहून द्या. त्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि तराफ्यावर पोहोचल्यावर खुलासा केला, की जमिनीवर आपला हातही चालत नाही, आणि तराफ्यावर लिहिलेलं धरायचं की नाही यावर गावात दोन तट पडतील. कँटीनवाल्याने बाक हलवून पाहिला, म्हणजे त्यांना तराफ्यासारखं वाटेल. त्यात बाकाचा पाय मोडला आणि मधले समोरच्या माझ्या बायकोला घेऊनच खाली आले. त्यांना उचलताना आम्हा सगळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. मधलेही हसत होते, पण आवाज न करता. माणूस आवाजाशिवाय इतकं हसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

शेवटी बायकोने युक्ती काढली. चादरीबाई चादरी वाळत घालत असताना मधल्यांनी या बाजूने जावं. मध्ये चादर, म्हणजे चेहरा दिसणार नाही, म्हणजे भीती कमी. चादर वाऱ्याने हलत असते, तेवढाच पायांना आधार. युक्ती मला पटली. आम्ही दोघं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून अंगणात घेऊन गेलो, एका मोठ्या चादरीपुढे उभं केलं आणि पाण्याच्या टाकीमागे लपलो. चादरीमागे सावली हलत होती. मधल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. डोळे मिटले. मी बायकोचा हात इतका दाबला, की ती पुटपुटली, "माझा जीव घ्याल."

"च..." मधले म्हणाले. "च... चादर छान वाळली आहे."

चादरीमागून कँटीनवाल्याचा आवाज आला, "हो, पण या कोपऱ्याला अजून ओल आहे हो." तो टेबलक्लॉथ न्यायला आला होता.

चादरीबाई धुणंघराच्या दारात उभी होती. हातात चिमट्यांची टोपली. तिने सगळं पाहिलं होतं. ती आधी हसली, टोपली खाली ठेवून पोट धरून हसली. मधले झाडाझाडाला धरत निघून गेले. ते दिसेनासे झाले तशी ती हसायची थांबली आणि उरलेल्या चादरी काढायला लागली. माझ्या बायकोने तिचा चेहरा जवळून पाहिला. "तिला खरंच वाटलं होतं, आज विचारतील म्हणून," ती मला म्हणाली. मला फार वाईट वाटलं. युक्ती आमची होती.

जायचा दिवस आला. हंगाम संपला, की वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे बंद करतात, तसे ते केले होते आणि नदी रोडावली होती. पायऱ्यांखालच्या आणखी पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, मधोमध वाळूचा एक पिवळसर पट्टा वर आला होता. तराफ्यावर आम्ही दोघं, चादरीबाई, तिची पत्र्याची ट्रंक, तिला निरोप द्यायला निघालेला कँटीनवाला आणि त्याचा मेहुणा, शिवाय पाहुण्यांपैकी काही जण. मधल्यांनी दोर ओढायला सुरुवात केली आणि सगळ्यांना एकदम अवघडल्यासारखं झालं. ते बोलत नव्हते. तराफ्यावर मधले गप्प, हे कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. कँटीनवाल्याने मेहुण्याला हळूच एक शिवी देऊन पाहिली, तीही लागू पडली नाही.

अलीकडच्या शेडपाशी बस येऊन उभी राहिली आणि तिने हॉर्न दिला. त्याच वेळी खालून खरखर आवाज आला, तराफा कचकन थांबला, मेहुणा माझ्या मांडीवर येऊन बसला. आम्ही वाळूत रुतलो होतो.

मधले वळले. दोर एका हातात, आणि आवाज तोच, बगळे उडवणारा. "चादरीबाई, जाऊ नका. माझ्याशी लग्न करा."

चादरीबाई ट्रंकेवर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "हे तुम्ही मागेही म्हणाला होता. तराफ्यावर."

"पण तराफा रुतलाय!" कँटीनवाला उभा राहून ओरडला. "रुतलेला तराफा म्हणजे जमीनच की! धरा हे, धरा!"

"जमीन कशी?" मेहुणा म्हणाला. "मागची पिंपं पाण्यात आहेत."

"मग पुढचा अर्धा जमीन!" माझी बायको म्हणाली. "मधले पुढच्या अर्ध्यात उभे आहेत!"

"पण त्या मागच्या अर्ध्यात बसल्यात!"

मग जे सुरू झालं ते काय सांगू. तराफ्यावर दोन पक्ष पडले. दोन्ही काठांवर माणसं जमली आणि तिथूनही मतं यायला लागली. दुकानदार ओरडत होता, की दोर बांधलेला असेपर्यंत तो तराफाच. कोणी म्हातारे हात उंचावून म्हणत होते, की मूळ नियमात रुतण्याचा उल्लेख नाही. बसचा ड्रायव्हर पायरीवर उभा राहून बोंबलत होता, "काय ते ठरवा लवकर, मला उशीर होतोय!" मी स्वतः पुढच्या अर्ध्याच्या बाजूने इतका तावातावाने भांडलो, की माझा चष्मा उडून वाळूत पडला.

चादरीबाई उठली. ॲप्रन खोचला आणि कोणाचा हात न घेता तराफ्यावरून खाली त्या वाळूच्या पट्ट्यावर उतरली. पाय आपटून पाहिले. "ही जमीन आहे ना?" तिने विचारलं.

दोन्ही काठांवरून एकच आवाज आला, "हो!"

"मग या इथे."

मधल्यांनी एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. दोर अजून हातात होता. तो त्यांनी सोडला. वाळूवर ते उभे राहिले, धरायला झाड नाही, खांब नाही, आणि त्यांचे गुडघे आम्हाला दिसतील असे लटपटत होते. तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. मी मनात म्हणत होतो, साबण तरी म्हणा, काहीतरी म्हणा.

बसने लांब हॉर्न दिला.

चादरीबाईने बराच वेळ वाट पाहिली. मग मान हलवली. "ट्रंक मागून पाठवा," ती आमच्याकडे न बघता म्हणाली. "पाणी गुडघाभरच आहे. मी चालत जाते." आणि ती निघाली. वाळू संपली, तिचे पाय पाण्यात गेले.

"थांबा."

हा तो आवाज नव्हता. हा अगदी बारका, चिरका, खरवडून काढलेला आवाज होता. पण आम्ही सगळ्यांनी ऐकला. ती थांबली, वळली मात्र नाही.

"हे तर तुम्ही रोज सगळ्यांनाच म्हणता," ती म्हणाली.

मधल्यांनी विचार केला. "सगळ्यांना," ते म्हणाले, "काठ लागेपर्यंत म्हणतो." मग त्यांनी श्वास घेतला. "तुम्हाला... नुसतं थांबा."

जमिनीवर एवढं मोठं वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं. चादरीबाई वळली. तिचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं.

"थांबले," ती म्हणाली.

दोन्ही काठांवर असा गलका झाला, की ड्रायव्हरनेही हॉर्नवर हात दाबून धरला. कँटीनवाल्याने मेहुण्याला मिठी मारली आणि दोघं तसेच वाळूवर पडले. त्यांच्या पाठोपाठ आम्ही सगळ्यांनी उड्या मारल्या, मीसुद्धा, चष्म्याशिवाय, गुडघ्यांचा विचार न करता. कोणी मधल्यांना उचललं, कोणी त्यांना खाली ठेवा म्हणून ओरडलं. आणि एवढी माणसं उतरल्यावर हलका झालेला तराफा वाळूवरून अलगद उचलला गेला आणि निघाला. त्यावर होती चादरीबाईची ट्रंक आणि माझी बायको.

दोर होता म्हणून तो वाहून जाणार नव्हता, पण ती मधोमध एकटीच कठड्याला धरून उभी, आणि पाण्याच्या ओढीने तराफा डुलत होता. मला वाटलं, घाबरेल. ती हसत होती. तिने दोर पकडला आणि मधले ओढतात तसा ओढायला लागली. तराफा भलत्याच दिशेला तोंड करून निघाला.

"अहो!" ती तिथून ओरडली. "तुमच्याशी लग्न केलं ते बरंच झालं!"

"ते धरायचं नाही!" मी वाळूवरून ओरडलो. बाकीचे टाळ्या वाजवत होते.

बस अर्थातच आम्हाला सोडून गेली. पण जाण्याआधी ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने शेडच्या बाकावर एक निळी पिशवी ठेवली. आठवडाभर ती त्याच्या सीटखाली होती.

आम्हाला आणखी एक दिवस राहावं लागलं. त्या दिवशी मी मधल्यांना विचारलं, की तराफा वाळूवर तुम्ही मुद्दाम घातलात का. तराफ्यावर विचारलं तेव्हा ते म्हणाले, हो. म्हणून खात्री करायला जमिनीवर विचारलं. ते चादरीबाईच्या खांद्याला धरून उभे होते, कारण आता धरायला झाड शोधावं लागत नव्हतं. बराच वेळ विचार करून त्यांनी मान नकारार्थी हलवली.

निघताना दोर दोघांच्या ताब्यात होता. मधले ओढत होते, चादरीबाई गाठोड्यावर बसून कसा ओढायचा ते सांगत होती. काठ जवळ आला, आम्ही उठलो, आणि "थांबा!" असा आवाज आला, की बगळे उडाले. आम्ही थांबलो. मग उतरलो. बायकोने चिखलात दोन्ही पाय नीट रोवले, माझ्याकडे वळली आणि काल तराफ्यावरून ओरडून सांगितलेलं वाक्य पुन्हा म्हणाली, हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल एवढं.

मी शेडच्या बाकावरून निळी पिशवी उचलली.